सामुएलकाका आणि बाबेलचा राजा

बायबलातले इब्री संदेष्टे वाचताना सामुएलकाका राजाच्या नावाजागी स्वतःचं नाव घालत. सौंसरजवळ बोरगावच्या शिवारात त्यांचं घर. रविवारी ओसरीवर चार-पाच ख्रिस्ती माणसं जमत. धुऱ्यापलीकडचे, बांधाला बांध लागलेले आम्हीही जाऊन बसायचो. बाबेलचा राजा गर्वानं फुगला आणि देवानं त्याला गुरासारखं गवत खायला लावलं, ही जागा आली की काका थांबत. मग आवाज उतरवून, "सामुएल फुगला, सामुएलनं गवत खाल्लं," असं वाचत. मार्थाकाकू चुलीपासून ओरडत, "अवो, त्याच्यापाशी राज्य तरी होतं. तुमच्यापाशी काय हाय, दीडशे झाडं!"

ती दीडशे संत्र्याची झाडं बघायला नागपूरचे व्यापारी आधी त्यांच्याकडे येत. कुणी बाग वाखाणली की काका घाबरून हात जोडत. "माही नाही बाप्पा, त्याची हाय. असं बोलू नका, तो ऐकून राहिला." देवाचा त्यांना आधार कमी, धाक जास्त. तरुणपणी ते भर बाजारात म्हणाले होते, "माह्यासारखं कलम कोनी बांधून दाखवावं." त्याच आठवड्यात त्यांचा एकुलता मुलगा तापानं गेला. संदेष्टे तेव्हापासून त्या घरात राहायला आले.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी शेतीचा पदवीधर होऊन नागपूरहून परतलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं. बाबांनी बसस्टँडपासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगितलं, आणि मीही मान तशीच ताठ ठेवली, हे लपवत नाही.

पावसाळी बहर धरायला उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी काही आठवडे तोडतात. असा ताण दिलेलं झाड पाणी मिळताच फुलतं. पण किती दिवस, ते काका पान बघून ठरवत. पहाटेच्या गारव्यातही पान मुडपलेलं दिसलं, की पंप सुरू. त्या वर्षी मात्र ते माझ्याकडे आले.

"बाबू, तू शिकून आला. सांग, पानी कधी सोडू?"

"पन्नास दिवसांनी. त्याच्या आधी नाही."

काकांनी एकदा बागेकडे पाहिलं. "पन्नास म्हनतं?"

"पुस्तकात आहे, काका."

"मंग पन्नास."

पुस्तकातले पन्नास दिवस खोल काळ्या जमिनीचे होते. काकांच्या बागेत हातभर मातीखाली मुरूम. मी जमीन बघितलीच नव्हती. पानं गळू लागली तेव्हाही धुऱ्यावर उभं राहून म्हणालो, "पानगळ हवीच." पन्नासाव्या दिवशी काकांनी पंप सुरू केला. झाडांभोवतीची आळी भरली. झाडांनी पाणी घेतलं नाही. फांद्या काडीसारख्या मोडत होत्या. मार्थाकाकू एकेका खोडाला नखानं खरवडून हिरवं शोधत फिरल्या. "निवाडा झाला," काका म्हणाले, आणि स्वतःच कुऱ्हाड घेतली.

बागेवरच घर चालत होतं. दिवाळीआधी दोघं पांढुर्ण्याला निघाली, तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदारीला. मी दारात जाऊन त्यांचे पाय धरले.

"चूक माही हाय, काका. जमीन न पायता बोललो. शिव्या द्या मले."

"देऊन टाका न वो एक शिवी," काकू म्हणाल्या. "पोट्टा मरून राहिला."

"चूक तुही नाही रे," काका म्हणाले. "पंचविसाव्या दिवशीच पानानं सांगतलं होतं मले. बटनावर हात होता माहा."

"मंग कायले थांबले?" मी विचारलं.

"मनात आलं, या शिकलेल्या पोराहून मले जास्त समजते. म्हटलं, सामुएल, हाच तो गर्व. पुन्हा आला. अन् हात मागं घेतला." त्यांनी गाठोडं खांद्यावर टाकलं. "हात मागं घेतला, तरी वरच्यानं सोडलं नाही मले."

"तो गर्व नव्हता, काका. तुमाले खरंच समजत होतं."

मी हे दोनदा म्हणालो, ते पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्यावर खिडकीशी जाऊन तिसऱ्यांदा म्हणालो. त्या एकदाच त्यांनी माझं ऐकलं नाही.