डावखुऱ्या हाताचे टाके

आगीनंतर अर्ध्या शहराच्या डोक्यावर छप्पर राहिलं नव्हतं, पण कपड्यांना भोकं मात्र सगळ्यांच्याच होती. त्यामुळे रफूवाल्या मावशींना कामाला तोटा नव्हता. जळालेल्या दुकानाच्या जागेवरच चार वासे रोवून, वर तरट टाकून त्या बसायच्या.

"छावणीत चला की, मावशी. इथे उन्हात कशाला भाजून घेता?" शेजारचा लोहार म्हणायचा.

"आणि धाकटी आली म्हणजे? तिला हाच पत्ता ठाऊक आहे."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. डावखुरी आणि तोंडाने फटकळ. दोघी मिळून दुकान चालवायच्या आणि दिवसभर भांडायच्या. आग लागली त्या दुपारी धाकटी सुया आणायला बाजारात गेली होती, आणि मावशी तयार कोट पोचवायला नदीपलीकडे. पूल जळाला. मावशींना परतायला अकरा दिवस लागले. मग त्यांनी याद्या वाचल्या, दवाखाने पालथे घातले. आठ महिने झाले, तसे लोक "चांगली होती हो बिचारी" म्हणू लागले. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"होती काय? आहे!"

एके दिवशी एका गाडीवानाने फाटक्या बाहीचा कोट आणून टाकला. मावशींनी तो उलटा केला आणि त्यांचा हात थांबला. कोपरापाशी आधीच एक भोक बुजवलेलं होतं. ठिणगीचं भोक, कडा करपलेल्या. टाके सगळे उलट्या अंगाला कललेले.

"हे कुणी केलं?"

"एका बाईने. आगीनंतर पाचव्या दिवशी मी माणसं घेऊन उत्तरेकडे निघालो, त्यात होती. भाड्याऐवजी हे करून दिलं."

"उतरली कुठे?"

"डोंगरापलीकडच्या तिठ्यावर. पुढे कुठला रस्ता धरला, देव जाणे." तो जरा घुटमळला. "म्हणत होती, दुकानाची राख बघून आले. ताई काही दुकान सोडून जायची नाही. मग आता कुणासाठी थांबू?"

मावशी कोट तोंडाशी धरून हमसून हमसून रडल्या. मग नाक पुसत म्हणाल्या, "घ्या! ती जिवंत, आणि मीच मेले!"

रफू दिसला तर तो रफू कसला, असं त्या धंद्यात म्हणतात. पण त्या दिवसापासून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यावर मावशी लालभडक दोरा वापरू लागल्या, आणि शेवटचा टाका दोनदा घालू लागल्या. त्यांच्या याच खोडीवरून धाकटी जन्मभर त्यांना वेडी म्हणत आली होती.

पहिला आला तो एक व्यापारी. आपला राखाडी कोट बघून त्याने कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, हे काय केलंत? लांबून दिसतंय हे!"

"किती लांबून?" मावशींनी विचारलं.