सोळा दिवसांची साखर

माझ्या सासूला लिहिता-वाचता येत नाही, हे तिनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. लाजून नाही हं. "मना कागद कदी लागलाच न्हाय," असं म्हणाली, आणि पदर खोचून भांड्यांना लागली. मी बारावी पास, तोंडाची तिखट. मनात म्हटलं, बाई काय तोऱ्यात आहे. आज मला तिच्या त्या तोऱ्याचा इतका अभिमान वाटतो, की कोणी विचारलं नाही तरी मी सांगत सुटते.

सासूचं नाव काशी. खारबावच्या अलीकडे आमचं गाव. काशीबाई गावची धवलारीण. आमच्याकडे लग्न लागायचं तर भटजीच्या आधी धवलारणीला आमंत्रण जातं. हळदीपासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, वेगळं, आणि ती सगळी हिच्या डोक्यात. हिच्या आईनं तोंडी दिली, हिनं तोंडी घेतली. वही नाही, चिटोरा नाही. पण धवलारीण नुसती गात नाही. तांदळाचा चौक तीच भरते, कलश तीच मांडते, कोणाच्या हातात काय द्यायचं तेही तीच बघते. त्याला डोळे लागतात. आणि आईचे, म्हणजे माझ्या सासूचे, डोळे गेले वर्षभर अधू होत चालले होते.

गेल्या वैशाखात एका लग्नात तिनं चौक वाकडा भरला आणि कुंकवाच्या जागी हळदीची वाटी पुढे केली. कोणीतरी हसलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "भावना, आता झाला माझा." तीन दिवस धड जेवली नाही. मला असा राग आला त्या हसणाऱ्याचा, की विचारू नका.

ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. ऑपरेशन साधंच, पण साखर निघाली दोनशे साठ. तिथले डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आणा, साखरेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग दिवाळीच्या आधी करून टाकू. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नांचा सीझन. तोवर डोळा झाला तर काशीबाई धवलारीण राहणार, नाहीतर लोक दुसऱ्या गावची शोधणार. एवढं सरळ होतं ते.

साखरेच्या डॉक्टर सुचेता ठाण्यातच बसतात. पण दर आठवड्याला कशेळीच्या ट्रॅफिकमधून म्हातारीला कोण नेणार? माझी वडप्याच्या गोडाऊनमध्ये स्कॅनिंगची ड्युटी, पहाटे साडेसहाला कंपनीची बस. नवरा दौलत टेम्पोवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यायची गरज नाही. मशीन देते. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर लावायचा, आकडा आपोआप मोबाईलवरून माझ्याकडे येईल. दोन-तीन आठवड्यांनी व्हिडिओवर बोलू." माझा जुना मोबाईल मी आईच्या नावानं करून दिला. आकडा आला की मोबाईल तो हिंदीत बोलून दाखवायचा. भिवंडीत हिंदी न कळणारं माणूस सापडायचं नाही, त्यामुळे ती अडचण नव्हती.

आई दोन दिवसांत तयार झाली. रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, हात धुऊन बसायची. गोळी वेळेवर, भात वाटीभर, संध्याकाळी बांधावरून चक्कर. दहा दिवसांत दोनशे साठाचे एकशे चाळीस झाले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "असा पेशंट मला रोज मिळो." आई दिवसभर खुशीत गुणगुणत होती.

आणि मग माशी शिंकली. महिनाभर पुरणारी पट्ट्यांची डबी पंधरवड्यात रिकामी. मला वाटलं, आकडा मनासारखा आला नाही की ही पुन्हा पुन्हा टोचून घेते. मी विचारलं तर म्हणे, "लागल्या." फडताळातला गूळही भराभर उतरत होता. झालं! मी मनात दोन्ही गोष्टींची मोट बांधली. ही चोरून गूळ खाते आणि मग भीतीनं पट्ट्या वाया घालवते. मी गुळाचा डबा पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. आई बघत होती, बोलली काही नाही. ते न बोलणं मला कबुलीसारखं वाटलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ आला. माझी सुट्टी होती. ओटीवर चटई टाकून मी मोबाईल पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवला. शेजारची चंद्रा दारात येऊन उभी राहिली होती. ती माझ्याच गोडाऊनला पॅकिंगवर, पण दुपारच्या शिफ्टला. नवरा नाही, तीन वर्षांची मुलगी आहे. सकाळी असायची ती आमच्याकडे, म्हणून मी काही लक्ष दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर होता. "काशीबाई, हे काय चाललंय? एकाच सकाळी एकशे सव्वीस आणि पाच मिनिटांनी चारशे आठ? मशीन बिघडलंय, की दुसरं कोणी वापरतंय?"

"मशीन बरा हाय," आई म्हणाली. पुढे गप्प.

"मग मला चिठ्ठी देता येणार नाही. चारशे साखरेवर मी कोणाच्या डोळ्याला हात लावू देणार नाही. ऑपरेशन तीन महिने पुढे ढकलावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "डॉक्टर, मी सांगते काय चाललंय. गूळ खाते ही! चोरून! मला कुलूप घालावं लागलं. आम्ही ड्युट्या करून हिच्यासाठी मरतोय आणि हिला जिभेचे चोचले सुटत नाहीत!" डॉक्टरांसमोर, शेजारणीसमोर, स्वतःच्या सासूला मी चोर म्हटलं. आईनं मान वर केली नाही. पदराच्या टोकानं मशीनची काच पुसत बसली.

तेवढ्यात चंद्रा आत आली. उंबऱ्याशीच बसली आणि मोबाईलकडे तोंड करून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ते चारशे माझे हायत."

मग सगळं बाहेर आलं. सर्वपित्रीच्या आधी एका सकाळी चंद्रा सहज बसायला आली होती. सारखी तहान लागते, पाय जळतात, असं बोलली. आईनं तिचंही बोट टोचलं, आकडा निघाला तीनशे नव्वद. चंद्रा घाबरली. गोडाऊनमध्ये मागं एका बाईला फिट आली होती, तर ठेकेदारानं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चंद्रानं आईला एकवीरेची शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही, भावनाला तर नाहीच, ती गोडाऊनलाच असते. शेजारच्या आक्काला सुगावा लागला तशी तीही यायला लागली. आणि मशीनला काय कळतं बोट कोणाचं! सगळे आकडे काशीबाईंच्या नावावर ठाण्याला जात होते.

"मी तिला रोज सांगत होते, डॉक्टरकडं जा म्हनून," आई म्हणाली. "ती न्हाय म्हनायची. मी शपथ कशी मोडू?"

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "सुई?"

"सुई दर बाईला नवी. मी येडी न्हाय."

"बरं. पण आता मला कसं कळणार, कुठला आकडा कोणाचा? तुमची तरी रोज पहिलीच असायची का?"

"न्हाय. घरी आलेल्याला ताटकलत ठेवून आपन आधी बसाचा, असा कसा? कदी आक्का आधी, कदी चंद्री. कदी आक्का उशिरा यायची, तवा मी मधी."

"मग संपलंच की," मी म्हटलं. "कुठे लिहून ठेवलंय थोडंच."

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मशीन खाली ठेवलं, मांडी नीट घातली, पाठ सरळ केली. लग्नात गायला बसताना करते तसंच. "डॉक्टरीणबाई, तुमी तुमचा कागद बगा. मी सांगतंय. सर्वपित्रीच्या आधी चार दिस, मंगलवार. पैली मी, एकशे अडतीस. मंग चंद्री, तीनशे नव्वद. दुसरे दिशी आक्का आधी, एकशे पाच. मी, एकशे चौतीस. चंद्री, चारशे बारा."

ती थांबेना. लाइट गेली तो दिवस, घट बसले तो दिवस, दौलतला ताप आला तो दिवस. डॉक्टरीणबाईंनी पाठवलेली तीच यादी मी माझ्या मोबाईलवर उघडून बोट फिरवत होते, दिवसांची तारीख लावून डॉक्टरांना सांगत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तिच्या बोलण्याला चाल लागली. गाणं नव्हतं ते, पण श्वास तिथेच घ्यायची, जिथे धवल्यात घेते. आक्का ज्या दिवशी आली नव्हती, त्या दिवशी तिचं नाव नव्हतं. चंद्रा भाचीच्या बारशाला गेली होती, तिथे चंद्राचं नाव नव्हतं. 

अष्टमीला डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "एक मिनिट. तुम्ही तुमची एकशे अठरा म्हणालात. माझ्याकडे एकशे एक्क्याऐंशी आहे."

"ती आक्काची. ती त्या दिशी च्या पिऊन आल्ती, मी रागावले तिला. माझी तिच्या आधी हाय, नीट बगा."

मी बघितलं. वरच्या ओळीत एकशे अठरा होतं. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "हो, आहे. माझीच ओळ चुकली."

सोळा दिवस, तीन बायका, त्रेचाळीस आकडे. एक चुकला नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं, दोन्ही डोळ्यांवर पडदा असताना, नुसत्या कानानं धरून ठेवलेले. माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटाचं काय करायचं ते मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "काशीबाई, तुमची साखर गेले सोळा दिवस एकशे चाळीसच्या वर गेलेली नाही. नियम म्हणून लॅबमध्ये रक्ताची तपासणीही करून घेऊ. पण चिठ्ठी मी आजच लिहिते."

आई म्हणाली, "माझा राहू द्या. आधी चंद्रीचा बोला."

चंद्राची गोळी त्याच फोनवर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, औषध घेऊन साखर ताब्यात असलेल्या बाईला पॅकिंग करायला काही अडचण नाही, कोणी कामावरून काढायला लागलं तर माझं पत्र दाखव. आणि आम्हा सगळ्यांना झापलं, एक मशीन एकाच माणसाचं, बाकीच्यांना उपकेंद्रातून तपासून घ्या, नाहीतर अशीच भानगड होते. झापून घेतलं आम्ही. ती चूक आमचीच होती. आमच्याकडे कोणी दारात येऊन "माझापण बघ ना गं" म्हटलं, की नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

आणि गूळ? तो दौलत भाकरीबरोबर खात होता. मी पेटीला कुलूप घातलं तेव्हाही बाप्या तोंडातून चकार शब्द काढेना. त्याचं मी नंतर बघून घेतलं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पुढच्या सोमवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वीस मिनिटांत. परत येताना कशेळीच्या पुलाच्या अलीकडे रिक्षा अर्धा तास अडकली. पुढे-मागे कंटेनर. आईच्या डोळ्याला हिरवी पट्टी, हातात औषधांची पिशवी. तिथे मी तोंड उघडलं.

"आई, चुकलं माझं. चारचौघांत चोर म्हटलं तुला."

"म्हटलास खरा," ती म्हणाली. "तुजा तोंड तसाच हाय."

"पण तू गप्प का बसलीस? एक शब्द बोलली असतीस तर मिटलं असतं. तीन महिने म्हणजे अख्खा सीझन गेला असता. डोळा गेला असता, तुझं धवलारीणपण गेलं असतं. एवढं सगळं त्या चंद्रासाठी?"

 आई उघड्या डोळ्यानं माझ्याकडे वळून म्हणाली, "डोला माझा हाय. तो द्यायचा का न्हाय, ता मी ठरवीन. चंद्रीची भाकर तिची हाय. ती मी कशी देऊ?"

 मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.