फ्लेक्स आधी, रेटिंग नंतर

चार पायलट एकत्र बसले की आकाशाच्या गप्पा होतात, असं लोकांना वाटतं. आमच्या होत नाहीत. आम्ही कोल्हापूरच्या एका झटपट फ्लाइंग स्कूलमधून शिकलो. इतर ठिकाणी रमतगमत शिकवतात ते इथे एका दमात उरकायचं. त्यामुळे ज्ञान मिळालं बेताचं, पण किस्से मात्र ढीगभर साचले. त्यातले निम्मे एकट्या संग्रामचे.

संग्राम कुरुंदवाडचा. घरी ऊस, म्हशी आणि आबा, म्हणजे त्याचे वडील. आबांची अट साधी होती. "रेटिंग पहिल्या झटक्यात मिळालं तर तू पायलट. न्हाय मिळालं तर दुसऱ्या दिवशी गोठ्यात." रेटिंग म्हणजे अमुक प्रकारचं विमान उडवायची परवानगी. संग्रामला म्हशींचा राग नव्हता, पण विमानाचं वेड खरं होतं.

*

झटपट म्हणजे किती झटपट? हवामानाचंच घ्या. आमचे शिक्षक कॅप्टन सर, पुण्याचे. त्यांनी जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं, घड्याळ बघितलं आणि खिडकीबाहेर बोट केलं.

"समोरचा डोंगर दिसतोय? मग उडायचं. दिसत नाही? मग नाही उडायचं. काही शंका?"

संग्रामनं हात वर केला. "सर, आपण आधीच वर गेलतो आणि मग डोंगर दिसायचा बंद झाला तर?"

सरांनी पुस्तक उचलून काखेत घातलं. "ते पुढच्या कोर्समध्ये आहे."

*

स्कूलमध्ये नवं विमान आलं. नवी गाडी आली की पूजा होणार, हे ओघानं आलंच. नारळ फुटला, नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. लिंबू-मिरची कुठे बांधायची, एवढाच प्रश्न होता. संग्रामला पंखाखाली पुढे आलेली एक बारीक नळी दिसली. त्यानं तिच्या तोंडावरच घट्ट बांधून टाकली.

त्या नळीतून हवा आत जाते आणि तिच्यावरून वेग कळतो. विमान धावपट्टीवर सुसाट निघालं, वेगाचा काटा शून्यावर. सरांनी कचकन ब्रेक मारले. आम्ही धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलो. संग्राम खाली उतरला, पंखाखाली वाकून बघितलं आणि परत आला.

"बघा सर, लिंबू हुतं म्हणून वाचलो."

*

मग डोळ्यांवर झापड लावून उडवायचं शिक्षण. बाहेरचं काही बघायचं नाही, फक्त समोरच्या काट्यांवर चालायचं. संग्रामनं विमान सुतासारखं सरळ नेलं. सर खूश. कोणत्या काट्यावर लक्ष ठेवलंस, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

"काट्यावर न्हाय सर. ऊन डाव्या गालावर हाय तवर सरळ चाललोय."

दुसऱ्या दिवशी सरांनी डाव्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. त्या दिवशी आम्ही रंकाळ्याला किती प्रदक्षिणा घातल्या, ते रंकाळ्यालाच ठाऊक.

*

परीक्षा अजून व्हायची होती आणि कुरुंदवाडच्या चौकात फ्लेक्स लागला. 'पायलटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. संग्राम गॉगल लावून, मागे परदेशात जाणारं प्रचंड विमान. आमचं विमान चार जणांचं, चौथा बसताना श्वास धरायचा. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भावकीचे फोटो, एक चुलता सोडून. त्याच्याशी शेताच्या बांधावरून कोर्टात केस चालू होती.

मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो बघून संग्राम खाली बसला. "आता नापास झालो तर धारा तर काढायच्याच, वर रोज त्या फ्लेक्सखालनं डेरीला दूध घालायला जायचं."

हसायला हवं होतं, पण मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

परीक्षक साहेब बाहेरून आले. कडक इस्त्री, कडक चेहरा, बोलणं फक्त इंग्रजीत. आधी संग्रामची परीक्षा, मग माझी, म्हणून मी मागच्या सीटवर बसले होते. सगळं छान चाललं होतं. कुरुंदवाडच्या वर आलो आणि साहेबांनी इंजिनाची ताकद काढून घेतली. इंजिन बंद पडलंय असं समज, आता उतरायला जागा शोध. ही नेहमीची परीक्षा.

खाली सगळीकडे उभा ऊस. बरोबर समोर एक रान मात्र तोड होऊन मोकळं पडलेलं, लांबरुंद, सपाट. सुटला, असं मला वाटलं. संग्रामनं ते रान बघितलं आणि विमान शेजारच्या अरुंद, वाकड्या तुकड्याकडे वळवलं.

एवढी चांगली जागा का सोडलीस, असं साहेबांनी विचारलं. आवाज बर्फासारखा.

संग्रामचं इंग्रजी तिथेच संपलं. "सर, ते चुलत्याचं हाय. केस चालू हाय. आत उतरलो तर विमान भाईर काढू द्यायचा न्हाय."

ऊस वर वर येत होता. मग साहेबांनी हात पुढे करून इंजिन पुन्हा पूर्ण जोरात केलं आणि विमान वर उचललं.

"बांध कुणी कोरला?" साहेबांनी विचारलं. मराठीत.

"त्यानंच की, सर."

साहेबांनी वाकून खालचं रान पुन्हा एकदा बघितलं.

"आमचीबी मलकापुरात चालू हाय," ते म्हणाले. "पास."