ओली सूज

"दोन महिने थांबलं तर डोळे काय पळून चालले?" मोतीरामनं कपबशी ओट्यावर आपटली. "अन् मिरचीचं क्रॉसिंग तुह्या मायले बोलावून करू काय?"

"माह्या मायले काऊन? तुमची बसलीच आहे की रिकामी," शालूबाई म्हणाली.

सासू तानाबाई दारात लसूण सोलत होती. "आयकलं काय बे मोतीराम? आधी नुसते डोळे वटारे, आता तोंडबी चालवते."

डोळे वटारलेले नव्हते. थायरॉईडमुळे ते वर्षभरात बाहेर आले होते. गोळ्यांनी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा घराच्या लेखी दुखणं संपलं होतं.

साखरखेर्ड्यात बियाण्याच्या मिरचीच्या क्रॉसिंगमध्ये शालूबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेडनेटमध्ये वाकून चिमट्यानं कळी सोलायची, नर झाडाचा पराग लावायचा, खूण म्हणून लोकरीचा धागा बांधायचा. यंदा तिला एका कळीच्या दोन दिसत. पराग हवेतच जाई, धागा तेवढा चाचपून बांधला जाई. चार ओळींत धागेच धागे, मिरची एक नाही. नरच खराब निघाला, असं मोतीराम गावभर सांगत होता. तिनं सांगू दिलं होतं.

मागच्या सोमवारी संभाजीनगरला तिच्या डोळ्यांचा एमआरआय झाला. डोळ्यामागचे स्नायू फुगून पांढरे चमकत होते. सूज अजून ओली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवड्याला एक, अशी बारा सलाईनं आत्ताच घेतली तर औषध लागू पडायची आशा चांगली, हमी नाही. सूज सुकली की औषधाचा उपयोग थोडा, मग ऑपरेशनच.

"औषध लागन का नाही, हे फोटोले काय माहीत?" मोतीराम म्हणाला.

"भेंडी निबर आहे का कवळी, हे तुम्हाले मोडून पाहिल्यावर समजते ना? तसंच थे."

"मंग हंगामाचं काय?"

"नर खराब नव्हता," शालूबाई म्हणाली. "त्या चार ओळी म्याच वाया घालवल्या. मले एकाच्या दोन दिसतात. अजून बसवाल तर सारं नेट तसंच जाईन."

तानाबाईच्या हातातली पाकळी सुपात पडली.

शालूबाईनं रिपोर्ट पिशवीत घातला.

"सोमवारी पहिल्या गाडीनं मी चालली. बारा सोमवार जाणार हावो, अन् डोळे सुधरल्याबिगर चिमटा हाती धरणार नाही. कळ्यांले बाया लावा, नाही तं तुम्ही बसा."