हातभर आत घातलेलं कुंपण

मोहाडीतल्या आमच्या घरामागे भाजीपाल्याची छोटी सांदवाडी आहे. तिचं कुंपण मी स्वतः केलं. नवरा जवाहरनगरच्या कारखान्यात. सकाळी फॅक्टरीच्या बसने जायचा, दिवस मावळता यायचा. म्हणून माहेराहून बांबू आणवले आणि बाबांना कुंपण करताना पाहिलं होतं तेवढ्या आठवणीवर ते चिरले, विणले. पहिल्या वर्षीचं शेळ्यांनी पाडलं. दुसऱ्या वर्षी खांब खोल गाडले, बुडाला डांबर फासलं, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. वाटेने जाणाऱ्या बायका विचारायच्या, "कोणाकडून करून घेतलं?" "मीच केलं," हे सांगताना मला दरवेळी तितकंच बरं वाटायचं.

शेजारचा रिकामा प्लॉट तांदळाच्या एका व्यापाऱ्याने घेतला. माणूस वाईट नव्हता. घर झाल्यावर त्यांना लॉन हवं होतं. तुळशीचं लग्न आटोपलं आणि मी आठ दिवस भाचीच्या लग्नाला गेले. तेवढ्यात त्यांच्या बागवाल्याने जेसीबी लावून मुरूम आणि माती ओतली, जागा कमरेइतकी उंच केली. उतार काढला तो माझ्याकडे. नव्या गवताला दिवसभर पाणी सोडलेलं. ती ओली माती माझ्या कुंपणावर रेलली. परत आले तर चार खांब मोडलेले, आणि एक अख्खी बाजू वालासारख्या पोपटाच्या शेंगांच्या वेलासकट वांग्यांवर आडवी पडलेली. वेल फुलावर होता.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "बांबूचंच त होतं. रोज तोंड पाहायचं आहे त्यांचं."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळीच मी त्यांच्याकडे गेले. व्यापारी व्हरांड्यात चहा घेत होते, बागवालाही तिथेच होता.

"भाऊ, तुमच्या मातीनं माझं कुंपण मोडलं."

"अवो वहिनी, त्याचं टेन्शन काहून घेता? मी पक्की भिंत घालून देतो ना!"

"भिंत नाही पाह्यजे. तिच्या सावलीत माझी भाजी येणार नाही. माती मागं घ्या, दगडाची रांग लावा अन् पाण्याले नाली काढा. कुंपण माझं मी करतो."

त्यावर बागवाला मध्येच बोलला, "तसंही थे कुंपण मालकाच्याच जागेत दिसते. मोजणी केली त समजन."

हे मात्र झोंबलं. हद्दीवरून कोणाशी वाद नको म्हणून मी ते कुंपण मुद्दाम हातभर आत, माझ्या जागेत घातलं होतं.

"मोजणी कायले पाह्यजे? हद्दीचा दगड आहे ना, तुमच्या मातीखाली. मी सब्बल घेऊन येतो."

घरी जाऊन लोखंडी सब्बल आणली आणि त्यांच्या हिरव्या गवतात खणायला लागले. माती ओली, जड. दंड भरून आले. शेजाऱ्यांची बायको, म्हातारी आई, समोरचे दोघे-तिघे, सगळे बघत उभे. थोड्या वेळाने नवरा आला. मला वाटलं, घरी चल म्हणेल. पण तो फावडं घेऊन मी मोकळी केलेली माती ओढायला लागला.

सब्बल टणकन वाजली. दगड निघाला, त्यावरच्या चुन्याच्या खुणेसकट. माझ्या मोडक्या खांबांपासून बरोबर हातभर त्यांच्या बाजूला.

शेजारी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमचीच माती तुमच्या जागेत येऊन राहिली, वहिनी."

"हो. पण मले जागेसाठी भांडायचं नाही. कुंपण आहे तिथंच राहीन. फक्त त्याले उभं राहू द्या."

आवाज चढवला नव्हता मी. चढवायची गरजच पडली नाही.

तीन दिवसांत माती मागे गेली, दगडांची रांग लागली, नाली निघाली. बांबू त्यांनी पाठवले, पण कोवळे. मी परत पाठवले. मग ते स्वतः मला बांबूवाल्याकडे घेऊन गेले आणि मी एकेक बांबू वाजवून निवडेपर्यंत थांबले.

मी विणायला बसले की त्यांची बायको येऊन बसायची. "मले शिकवसान का?" तिने एक दिवस विचारलं. पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं, तरी दुसऱ्या दिवशी चिंधी बांधून हजर. मधला एक हातभर तुकडा तिच्या हातचा आहे. जरा सैल आहे. मी उसवला नाही.

नवऱ्याने ही सगळी गोष्ट बसमध्ये सांगितली असावी. कारण एका रविवारी त्याचे चार सोबती कुंपण बघायलाच आले. एकाने खांब हलवून पाहिला. हलला नाही. "खरंच वहिनीनं केलं?" त्याने विचारलं.

"तिनंच," नवरा म्हणाला. "मी फक्त फावडं धरलं."

मी चुलीवर चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत त्यांना चारही बाजू फिरवून दाखवल्या.