सतरा नंबरचा ऐन

“झाड बारीक कसा होतला गो बाय? ता काय संपात उपाशी रवला?” सुगंधा म्हणाली आणि कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिली.

समोर मृणालिनी टेप गुंडाळत उभी. कॉलेजात झाडापाल्यावर संशोधन करणारी ही पोरगी गेल्या साली, म्हणजे त्र्याऐंशीत, मुलुंडच्या डोंगरपायथ्याला आली आणि साठ झाडांना नंबराचे पत्र्याचे बिल्ले ठोकून गेली. वस्ती अंगाला येऊन भिडली की रान कसं बदलतं, झाडाचा घेर वर्षाला किती वाढतो, हे तिला बघायचं होतं. गेल्या आठवड्यात मोजायला आली, तर सतरा नंबरचा ऐन घेरानं हातभर घटलेला. अशी अकरा झाडं, सगळी सुगंधाच्या खोपटामागची, म्हणून आज ती पुन्हा आली होती.

सुगंधा कुडाळकडची. नवरा मधुकर गिरणीत होता. संप लांबला तसा गावाला गेला, तो तिकडचाच झाला. ही मागं राहिली. पळसाची पानं काढायची आणि स्टेशनसमोरच्या फुलवाल्यांना पुड्या बांधायला द्यायची, यावर तिचं चाललं होतं. बिल्ले तिनंच हलवले होते.

कारण होतं. पालिकेचे पॅन्टवाले दोघं येऊन पुढच्या रांगेतल्या दारांवर चुन्यानं आकडे टाकून गेले, तेव्हा बायकांना वाटलं, आता नळ येणार. महिन्याभरानं आकड्याची खोपटी तेवढी पालिकेनं पाडली. सुगंधाच्या दाराला आकडा नव्हता, म्हणून छप्पर राहिलं. मग मागच्या झाडांना आकडे दिसल्यावर ती काय आरती ओवाळणार होती? भरदुपारी कोयत्यानं खिळे उपसले आणि बिल्ले नाल्यापलीकडं नेऊन ठोकले. तेही अक्कल लावून: ऐनाचा ऐनाला, कुड्याचा कुड्याला. जाडी मात्र तिच्या ध्यानात आली नाही.

मृणालिनी मुकाट निघून गेली असती तर मिटलं असतं. पण ती म्हणाली, “मावशी, आमचे सर म्हणतात, ती अकरा झाडं वस्तीनं तोडली आणि बिल्ले दुसरीकडे ठोकले, असं लिही. अहवाल वनखात्याकडे जाणार आहे. मला तोडल्याची खूण कुठं दिसत नाही, म्हणून विचारते.”

 सुगंधानं गप्प राहावं तर वनखात्याचे रखवालदार येऊन दारात उभे राहणार. बोलावं, तर ही पोरगी कबुली काढायलाच गोड बोलत असली तर? शिकलेल्या बाईच्या आवाजात साखर असली की सुगंधाला आधी मुंगी दिसायची.

तिनं मृणालिनीची वही मागितली. अक्षरांशी तिचं वैर, पण चित्र कळायचं. पेन्सिलीचा नाला, झाडांचे ठिपके आणि मधोमध एक चौकट.

“हो चौकोन कसलो?”

“तुमचं घर. झाडं सापडायला खूण म्हणून.”

“म्हणजे लिवलंस तर माका.” सुगंधानं वही तिच्या हातात परत दिली. “आधी माझा खोपटा पूस. मगे बोलतंय.”

मृणालिनीनं खोडरबर काढला. सुगंधानं कागद उन्हात धरला, वळ राहिला का पाहिला, आणखी एकदा घासायला लावला. मग म्हणाली, “बिल्ले मियाच हलवलंय. चल, दाखवतंय.”

आणि अकराही झाडं तिनं बोट ठेवून दाखवली. आकडे वाचता येत नसताना कुठला पत्रा कुठल्या झाडाचा, ते तिला वाकड्या खिळ्यांवरून पाठ होतं. मूळच्या ऐनाला टेप लागली, तेव्हा घेर दोन बोटं वाढलेला निघाला. मृणालिनीचा चेहरा खुलला. नंबर घरांसाठी नाहीत, असं तिनं समजावलं. सुगंधा हूं म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. पण कागदावर आपण नाही, एवढं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

चारला फुलवाले पानांची वाट बघणार. तिनं पदर खोचला, पळसाची फांदी ओढली आणि पोरीकडं पाठ न करता पानं तोडू लागली.