तन्नी म्हणजे पाणी

"तन्नी!" माय ओरडली आणि हवालदारानं काठी उचलली.

मी झोपडीत धावले. आमच्यात कुणी आलं की आधी पाणी, मग बोलणं. आणि आज हवालदाराला सोबत घेऊन आलेला पाहुणा विद्यापीठातला प्राध्यापक होता. मायनं सकाळीच तांब्या राखेनं घासून ठेवला होता. तो भरून मी बाहेर आले, तर प्राध्यापक पिशवी छातीशी धरून मागं सरकलेला. पेन्सिल मात्र चालू.

"पाह्यलं साहेब?" हवालदार म्हणाला. "बाई वरडली की पोरगी जल्दी आत पळाली. इशारा हाय तो. पोलीस आले, माल लपवा."

मी तांब्या पुढं केला. "तन्नी म्हणजे पाणी. तुमच्यासाठीच मागितलं मायनं."

"पान्याचा बहाणा हाय, साहेब. आत सांगून आली आसल ती."

प्राध्यापक हसला. "मुलगी चलाख आहे," म्हणाला. तांब्याला त्यानं हात लावला नाही आणि लिहिलेलं खोडलंही नाही. माय तशीच उभी. मीही उभी, भरला तांब्या घेऊन. शेवटी ते पाणी शेळीला पाजलं.

आम्ही कैकाडी. अंबडच्या बाहेर ओढ्याकाठी आमच्या झोपड्या. तरवडाच्या फोकांच्या टोपल्या विणायच्या आणि बाजारात विकायच्या, हा आमचा धंदा. पण कायद्यानं आम्हाला जन्मतःच चोर ठरवलेलं. पुढं निजाम गेला, रझाकार गेले, तो कायदाही रद्द झाला. हवालदार तेवढा तोच राहिला. सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नाही.

या प्राध्यापकाला विद्यापीठानं पैसा दिला होता, 'गुन्हेगार जमातींची सांकेतिक भाषा' शोधायला. वस्तीत सातवी पास झालेली मी एकटी, म्हणून दुभाषी म्हणून त्यानं मला घेतलं. मला बाई व्हायचं होतं. शाळेतली बाई, हातात खडू असलेली. पण जालन्याच्या ट्रेनिंग कॉलेजात कैकाड्याच्या पोरीला दारात कोण उभं करणार? "काम नीट कर. तिथल्या मुख्य बाईंना मी सांगतो," तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर मी नाचत होते. वस्तीतली पोरं समोर बसवून आत्तापासूनच त्यांना दटावायला लागले होते.

आणि रोज त्याला सांगत होते. साहेब, ही चोरांची भाषा नाही. हिच्यात आम्ही लेकरं निजवतो, शेळ्यांना शिव्या देतो, मेलेल्यांसाठी रडतो. एकदा तो कंटाळला. रागावला नाही हं, समजावून सांगितलं.

"अगं, भाषेसाठी पैसा मंजूर झालेला नाही. सांकेतिक भाषेसाठी झालाय."

मला ते उमगायला वेळ लागला. म्हणजे आम्ही चोर नसलो, तर याचं काम बुडतं. हवालदाराला तरी कधीमधी शंका यायची. याला तेवढीही सोय नव्हती.

त्याच महिन्यात माझा चुलता शहागडच्या बाजारात टोपल्या घेऊन बसला होता. डोक्यावर ऊन. त्यानं लांब बसलेल्या चुलतीला हाक मारून पाणी मागितलं, आमच्या बोलीत. बंदोबस्ताला तोच हवालदार होता. चुलत्याचा ओठ फाटला, दात पडला. चुलतीनं विचारलं, का मारता? तर म्हणतो, "आता कळती आमाला तुमची बोली. विद्यापीठाच्या साहेबानं बराबर लिहून घेतलीया."

चुलता आमच्या दारात येऊन बसला. सुजलेल्या तोंडानं त्याला बोलता येईना. माय माझ्याकडं वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पाणी आण."

मराठीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दिराला पाजायला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"तसं का म्हनलीस?"

"मंग काय म्हनू? कुडाला बी कान फुटलेत आता."

त्यानंतर मला काही सुधरेना. विणायला बसले की हातातली फोक मोडायची. उठायचे, ओढ्यापर्यंत जायचे, परत यायचे. तेवढ्यात प्राध्यापकाचा निरोप आला, जालन्याला चल. मी म्हणाले, जात नाही. तर मायच मागं लागली.

"साहेब म्हनंल तसं म्हन. चुलत्याचा दात काय परत येनार हाय? तू तरी सूट इथून."

जालन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये पैसा मंजूर करणारी माणसं बसली होती. प्राध्यापकाला पुढच्या कामासाठी आणखी पैसा हवा होता. मला मधोमध उभं केलं. सगळ्यांना खुर्च्या, मला नाही. कोटातला एक म्हातारा बाजारात जनावराचे दात बघावेत तसा माझ्याकडं बघत होता.

"ही त्याच जमातीतली," प्राध्यापक म्हणाला. "म्हण गं तो शब्द. आणि अर्थ सांग." मग वाकून, फक्त मला ऐकू येईल असं: "बाईंशी बोलणं झालंय."

माझ्या डोळ्यांपुढं फळा आला. लगेच चुलत्याचं तोंड आलं. घसा कोरडा पडला, खरंच कोरडा. टेबलावर पाण्याचा जग होता.

"तन्नी," मी म्हणाले.

पेन्सिली हलल्या. "अर्थ?"

"तहान लागलीय. तन्नी द्या."

कुणी हललं नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"घाबरली आहे," प्राध्यापक म्हणाला.

मी टेबलापाशी गेले. जग उचलला, पेल्यात ओतलं आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्यायले. म्हाताऱ्यानं स्वतःचा पेला चटकन लांब सरकवला.

"हा अर्थ," मी म्हणाले. "लिहा. माझ्या चुलत्यानं हेच मागितलं होतं. त्याचा दात पाडला तुम्ही."

"अगं, आम्ही कुठे..." प्राध्यापक म्हणाला.

"तुम्हीच."

प्राध्यापकाला पैसा मिळाला. मला जागा मिळाली नाही. बा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. माय म्हणाली, हातातोंडाशी आलेला घास लाथाडलास. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? फळा डोळ्यांपुढून जात नव्हता.

मग एक दिवस हवालदार पुन्हा वस्तीत आला. माय दारात आली. पोलीस असला तरी दारात आलेला माणूस. ती माझ्याकडं वळली, इकडं तिकडं बघून आवाज बारीक केला. तिला मी बोलूच दिलं नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि वस्तीच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले, "तन्नी!"

"इशारा देऊन राह्यली का?" हवालदार म्हणाला.

"हां. आज इशाराच हाय."

चुलता झोपडीतून बाहेर आला. मागोमाग चुलती, मग शेजारपाजारचे. हवालदाराची काठी माझ्या खांद्यावर बसली. मी पुन्हा ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून मी वस्तीतल्या पोरांना ओढ्याच्या वाळूत लिहायला शिकवते आहे. पहिला शब्द तोच. बोटानं लिहायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. कुणी हळू म्हटला, तर मी पुन्हा म्हणायला लावते.